दोन दंड आणि एक भाची

लग्नाला अडीच महिने राहिले होते. आमच्या शिंपी मास्तरांनी माझ्या उजव्या दंडाला टेप गुंडाळला, आकडा वहीत लिहिला, मग डाव्या दंडाला गुंडाळला आणि लिहायचं सोडून माझ्या तोंडाकडे बघत राहिले.

"काय झालं, मास्तर?"

"काय न्हाई. उजवा तुमचाच हाय, शेठ. हा डावा कुनाचा घेऊन आलात?"

दुकानात दोन बाया ब्लाउज न्यायला आल्या होत्या. त्यांनी तोंडाला पदर लावला. मास्तरांनी टेप पुन्हा लावला, आणि हे दुसरं माप माझ्यासाठी नव्हतं, त्या बायांसाठी होतं. उजवा दंड साडेतेरा इंच. डावा पावणेतेरा. शिंपी लोक इंचाचे आठ भाग करतात आणि एका भागाला सूत म्हणतात. माझ्या दोन दंडांत सहा सुतांचा फरक निघाला.

"थोरला भाऊ शेतात राबलेला," मास्तर म्हणाले, "धाकटा कचेरीत कारकून."

खरं सांगायचं तर यात नवल काहीच नव्हतं. पुणतांब्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमचं पेढ्यांचं दुकान आहे. तीस वर्षं मी रोज सकाळी मोठ्या कढईत खवा घोटतो. लांब दांड्याचं उलथणं, खाली जाळ, आणि दूध आटून घट्ट व्हायला लागलं की हात क्षणभर थांबवायची सोय नाही. हे सगळं उजव्या हाताने. डावा हात तेवढ्या वेळात कमरेवर असतो, किंवा मोबाईल कानाला लावतो, किंवा येणाऱ्याजाणाऱ्याला रामराम करतो. तीस वर्षं रामराम करून दंड कसा होईल तसाच तो झाला होता.

एरवी मी हसून सोडून दिलं असतं. पण मापं द्यायला मी गेलो होतो ते भाचीच्या लग्नातल्या मानाच्या सफारीसाठी, आणि त्या लग्नात मला हे दोन्ही दंड लागणार होते. सारखे लागणार होते.

आमच्याकडे नवरी चालत बोहल्यावर येत नाही. स्पीकरवर पुकारा होतो, "नवरीच्या मामांनी नवरीला घेऊन यावे," आणि मामा तिला दोन्ही हातांवर उचलून खोलीपासून स्टेजपर्यंत आणतो. मधे तिचे पाय जमिनीला टेकता कामा नयेत. टेकले तर काय होतं, हे मला आजवर कुणी सांगितलेलं नाही. भटजींना विचारलं तर ते म्हणतात, आमच्या पोथीत हे नाहीच. पण मांडवातल्या झाडून सगळ्या बाया त्या वेळी नवरीचं तोंड बघत नाहीत, पाय बघतात.

चार वर्षांपूर्वी थोरल्या भाचीला मीच उचललं होतं. पोरगी काडीसारखी. मी हसत हसत उचललं, उजवा हात तिच्या पाठीखाली, डावा गुडघ्यांखाली, आणि ऐटीत निघालो. दहा पावलांवर डावा हात खाली यायला लागला. उजवा मात्र लोखंडासारखा जागच्या जागी. त्यामुळे पोरगी डोक्याकडून वर आणि पायांकडून खाली अशी घसरगुंडीसारखी तिरपी झाली. ओझं डावीकडे गेलं म्हणून मीही डावीकडे गेलो. स्टेज समोर होतं आणि मी बँडवाल्यांकडे चाललो होतो. शेवटची पाच पावलं तिच्या पायांची बोटं गालिच्यावरून घासत गेली. त्याचा व्हिडिओ आहे. पैंजणांचा आवाज त्यात फार स्वच्छ आलाय. दर दिवाळीला बहिणीच्या घरी फराळाआधी तो लावतात, आणि भाचीच्या सासरीही त्याची एक प्रत आहे, तीही लोक मागून बघतात.

तुम्ही म्हणाल, मग बाजू बदला, डोकं डाव्या हातावर घ्या. घेतलं असतं, पण मग पाय वर आणि डोकं खाली. नवरी डोक्यावरून स्टेजला लागली तर ते पोथीत नसलं तरी बरं दिसत नाही.

आता धाकटीचं लग्न होतं. धाकटी म्हणजे काडी नव्हे. शाळेपासून कबड्डी खेळलेली, आता पोलिसात शिपाई. वजन चौसष्ट किलो, आणि हा आकडा ती लपवत नाही, फोनवर स्वतःहून सांगते.

"मामा, चौसष्ट. लग्नापर्यंत एकसष्टवर आणते. बाकी तुम्ही बघा."

त्याच आठवड्यात माझा चुलतभाऊ केडगावहून आला. तो माझ्यापेक्षा आठ वर्षांनी लहान. जिमला जातो, आणि जिमला जातो हे दिसावं म्हणून एक नंबर लहान टी-शर्ट घालतो. ओट्यावर बसला, पेढे खाणार नाही म्हणाला, साखर सोडली म्हणाला, आणि मग बोलता बोलता तीन पेढे खाल्ले.

"दादा, एक बोलू का? राग नको मानू."

"बोल."

"या वेळी पोरीला मी उचलतो. मीही मामाच आहे ना. तू नुसता शेजारून चाल, अक्षता टाक, हात जोड. पब्लिकला तेवढंच पाहिजे असतं." आणि दंड वाकवून त्याने टी-शर्टची बाही ताणून दाखवली. "बायसेप बघ. दोन्ही सेम टू सेम."

माझी बायको आतून चहा घेऊन आली. तिने त्याचा दंड बघितला, माझा बघितला आणि म्हणाली, "भाऊजी म्हनत्यात ते खोटं न्हाई. आवो, इज्जतीचा सवाल हाय."

मी त्याच्यापुढची पेढ्यांची ताटली उचलली. पण दुसऱ्या दिवशी सकाळी खवा घोटताना एक जुनी गोष्ट आठवत राहिली. धाकटी भाची दहा महिन्यांची असताना बहीण बाळंतपणानंतरच्या आजारपणात तिला घेऊन आमच्याकडे राहिली होती. पोरगी रडायला लागली की मी तिला डाव्या कडेवर घ्यायचो आणि उजव्या हाताने कढई सांभाळायचो. ती वाफेकडे बघत गप्प राहायची. तासतासभर ती त्या डाव्या हातावर असायची आणि तो हात कधी कमी पडला नव्हता. तेव्हा पडला नाही तो आता पडणार, आणि तिला केडगावचा टी-शर्ट उचलून नेणार? मी उलथणं खाली ठेवलं आणि ठरवलं. लग्नापर्यंत डावा दंड उजव्याच्या बरोबरीला आणायचा. घरच्या घरी. जिमला गेलो असतो तर सगळ्या गावाला कळलं असतं.

मग निवड करायचा प्रश्न आला. मोबाईलवर दंडाचे व्यायाम शोधले, आणि इतके सापडले की एकेक दिवस करायचा म्हटला तरी भाचीची पोरं लग्नाला येतील. एक जण उभा राहून वजन उचलतो, एक बसून, एक तिरप्या बाकावर पडून. एक म्हणतो रोज करा, दुसरा म्हणतो रोज करणारा मूर्ख. सगळ्यांचे दंड मात्र आपल्या मांडीएवढे. मी दोन दिवस नुसते व्हिडिओ बघितले. बायको म्हणाली, बघून दंड वाढत असते तर माझे सिरियल बघून वाढले असते.

तिसऱ्या दिवशी मी माझ्या डोक्याने एक निवडला. खवा डाव्या हाताने घोटायचा. कामही होईल, व्यायामही. दोन तासांत कढईला खवा लागला आणि रस्त्यावरून जाणाऱ्या टेम्पोवाल्याने थांबून विचारलं, शेठ, काय जळालं?

शेवटी भाचीलाच फोन केला. रविवारी तिला सुट्टी होती, ती स्कूटीवरून आली. आमच्या मागच्या अंगणात तिने मला उभं केलं, दोन्ही हात वाकवायला लावले, आणि शेतकरी बैल बघतो तसं माझ्याभोवती फिरून बघितलं.

"मामा, पहिली गोष्ट. दहाबारा प्रकार करायचे नाहीत. तीनच निवडायचे, पण ते सोडायचे नाहीत."

तिने निवडलेले तीन असे. पहिला, तळहात वर करून वजन खांद्याशी आणायचं, कोपर बरगडीला चिकटलेलं, आणि वर आणायला जेवढा वेळ लागला त्याच्या दुप्पट खाली सोडताना घ्यायचा. दुसरा, तसंच, पण हातोडा धरतो तशी मूठ उभी ठेवून, कारण दंडाचा बाजूचा भाग आणि मनगटाकडचा हात त्याने भरतो. तिसरा, स्टुलावर बसायचं, कोपर मांडीच्या आतल्या बाजूला टेकवायचं आणि एका वेळी एकच हात. त्यात पाठ चोरून मदत करू शकत नाही.

"आणि नियम एक," ती म्हणाली. "आधी डावा. डाव्याने जितके होतील तितकेच उजव्याने. उजवा जास्त करू शकतो म्हणून जास्त करायचे नाहीत. दोन्ही हातांत वजन सारखं. आणि एक दिवसाआड."

"उजव्याला शिक्षा का म्हनून?"

"त्याने तीस वर्षं एकट्याने खाल्लंय, मामा. आता थांबू द्या त्याला."

मला वाटलं संपलं. पण ती म्हणाली, उचलणं म्हणजे नुसते दंड नव्हेत. दंड फक्त धरून ठेवतात. उचलायचं मांड्यांनी आणि ओझं छातीला चिकटवून ठेवायचं, लांब धरलं की संपलं. मला ते नीट कळलं नाही, तसं मी म्हणालो. यावर तिने मान हलवली, माझ्या बाजूला आली, गुडघ्यांत वाकली आणि मला उचललं.

बावन्न वर्षांचा, अठ्ठ्याहत्तर किलोचा, धोतराच्या रंगाचा बनियन घातलेला मी, तिच्या दोन्ही हातांवर. ती अंगणात चालायला लागली. "बघा, कोपर आत. बघा, पाठ सरळ. कळतंय का?"

"कळलं, कळलं, खाली ठेव."

"लक्षात राहायला पाहिजे," म्हणून तिने मला पुढे दुकानापर्यंत नेलं. तिथे दूध घालायला आलेले दोघे जण किटल्या हातात घेऊन उभे होते. त्यांच्यातल्या वयस्कर माणसाने मला बघितलं, भाचीला बघितलं आणि शांतपणे विचारलं, "शेठला सासरी चालवलंय व्हय?"

पायांना जमीन लागल्यावर मला पहिल्यांदा नवरीची बाजू कळली. माणूस खरंच पायांचाच विचार करतो.

दुसऱ्या दिवसापासून मी सुरुवात केली. वजनाला काय घ्यावं? डंबेल विकत आणायला नगरला जावं लागलं असतं आणि केडगाव नगरला लागूनच आहे, भावाला कळलं असतं. पण आमच्या घरात वजनाला तोटा नव्हता. पाच लिटरच्या स्टीलच्या दोन किटल्या घेतल्या, अगदी जुळ्या, एकाच दिवशी आणलेल्या. एकीत काठोकाठ पाणी भरलं. दुसरीत गुलाबजामाचा उरलेला घट्ट पाक होता, तो काढून ठेवायला दुसरं भांडं मोकळं नव्हतं, म्हणून तीवर झाकण लावलं आणि तशीच घेतली. पाच लिटर ही, पाच लिटर ती. पाकाची किटली डाव्या हाताने धरली तर हात कापून पाक सांडेल, मुंग्या येतील, म्हणून ती नेहमी उजव्याला दिली. गोंधळ नको म्हणून तिच्या कडीला लाल चिंधीही बांधली.

एक दिवसाआड, पहाटेचं दूध घेऊन झाल्यावर, मी अंगणात उभा राहायचो. आधी डावा. पहिल्या आठवड्यात आठ, दुसऱ्या आठवड्यात दहा. डाव्याने दहा झाले की उजव्याने दहाच, एकही जास्त नाही. उजवा दंड आतून ओरडायचा, मी ऐकायचो नाही. मला स्वतःचा अभिमान वाटायला लागला होता. गिऱ्हाइकाला पेढे देताना मी डाव्या हाताने द्यायला लागलो, ते लोकांना आवडलं नाही, म्हणून सोडून दिलं.

बायको भांडी घासता घासता बघायची. "आवो, तुमचा डावा लई हलका चाललाय आन् उजव्याची शीर फुगतीय. बराबर हाय ना सगळं?"

"पाच लिटर, पाच लिटर," मी म्हणालो. "तुला त्यातलं कळायचं नाही."

एक महिना झाला. मास्तरांनी सफारीच्या ट्रायलला बोलावलं. मी गाणं गुणगुणत गेलो. कच्च्या टाक्यांनी जोडलेला सफारी अंगावर चढवला, दोन्ही हात वाकवले आणि म्हणालो, "आता घ्या माप."

मास्तरांनी घेतलं. उजवा पावणेचौदा. म्हणजे दोन सूत वाढला होता. डावा बारा इंच सात सूत. एकच सूत वाढला होता.

"काय व्यायाम करता, शेठ?" मास्तर म्हणाले. "थोरल्यालाच खुराक चाललाय काय? सहा सुताचा फरक हुता, सात केला तुमी."

मी स्टुलावर बसलो. महिनाभर एक दिवसही चुकवला नव्हता. आधी डावा, मग उजवा, मोजून सारखे. एवढं शिस्तीत करूनही फरक वाढला म्हणजे तो हात जन्माचाच तसा आहे, असं माझ्या मनाने घेतलं. मग केडगावचा टी-शर्ट डोळ्यांपुढे आला. मग पैंजणांचा आवाज कानात आला. मास्तरांना दया आली असावी. ते म्हणाले, डाव्या बाहीत जरा कापड सोडतो, सैल राहिली की फरक दिसायचा न्हाई.

"सोडू नका," मी म्हणालो. "बाही उजवीसारखीच दंडाला फिटिंगमधे पाहिजे. आन् डावीची शिलाई आत्ता पक्की मारू नका. कच्चीच राहू द्या. दंड वाढनार हाय. मी सांगितल्यावर मारा."

"वाढनार?"

"वाढनार."

मास्तरांनी पेन्सिल कानावर ठेवली. "मग मी वाट बघतो," म्हणाले.

घरी आलो आणि रागाने दोन्ही किटल्या दुकानाच्या फळीवर आदळल्या. बायकोने चिंधीवाली किटली उचलली. मग दुसरी उचलली. मग पुन्हा पहिली. मग एकेक करून दोन्ही सरळ आमच्या काट्यावर ठेवल्या, ज्या काट्यावर मी तीस वर्षं पेढे मोजतोय.

पाण्याची किटली, भांड्यासकट, सहा किलो. पाकाची साडेसात.

मी काट्याकडे बघत राहिलो. दूध आम्ही लिटरवर घेतो. पेढे किलोवर देतो. पण पाक? पाकाची आम्ही तार बघतो. अंगठा आणि बोट यांच्यात थेंब धरायचा, ओढायचा, एक तार आली की झाला. तीस वर्षांत मी पाकाचं वजन एकदाही केलं नव्हतं, कारण पाक वजनाने विकायची वेळ कधी आली नव्हती. आणि साखर किती घालतो मी त्यात? माझ्याच हाताने घालतो. साखर वजनदार असते हे मला कळायला पाहिजे होतं, तिची गोणी मीच उतरवतो. महिनाभर मी थोरल्याला साडेसात किलो देत होतो आणि धाकट्याला सहा, आणि वर उजव्याला शिक्षा केल्याचा आनंद घेत होतो.

बायको इतकी हसली की तिला फळीचा आधार घ्यावा लागला. "तुमाला त्यातलं कळत न्हाई व्हय," म्हणाली, "पाच लिटर, पाच लिटर." ते आजही चालू आहे. भाजीत मीठ जास्त झालं की ती म्हणते, पाच लिटर.

भाचीला फोन केला. पलीकडे ती आधी खोकली, मग म्हणाली, "मामा, काही हरकत नाही. आता दोन्हीत पाणी भरा. आणि काट्यावर ठेवून बघा."

मी हो म्हणालो. पण मी थोडी चलाखी केलीच. पहिले दहा दिवस पाकाची किटली डाव्या हाताला दिली आणि पाण्याची उजव्याला. जुनं देणं डाव्याला फेडून टाकलं. मग दोन्हीत पाणी. मग दोन्हीत पाक. काट्यावर ठेवून, एकेक पळी कमीजास्त करून. डाव्याचे बारा झाले, चौदा झाले. हातोड्याची मूठ करताना मनगट कापायचं ते थांबलं. स्टुलावर बसून कोपर मांडीला लावून उचलताना, खाली सोडताना, शेवटच्या दोन वेळा दंडात जी आग पेटायची ती मला आवडायला लागली. आणि शेवटचे तीन आठवडे साखर. आधी पंचवीस किलोची गोणी छातीशी धरून अंगणाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. मग चाळीस. मग पन्नास किलोचं पोतं, जसं कारखान्यातून येतं तसं, दोन्ही हातांवर आडवं, नवरीसारखं. चाळीस पावलं जायचं, वळायचं, चाळीस पावलं यायचं. बायकोने पोत्याच्या एका टोकाला जुनी ओढणी बांधली, डोकं कुठे ते कळावं म्हणून. पायांकडचं टोक खाली आलं की ती स्वयंपाकघराच्या खिडकीतून नुसतं "छुनछुन" म्हणायची.

लग्न कोपरगावजवळच्या एका मंगल कार्यालयात होतं. सफारी आदल्या संध्याकाळी मास्तरांनी स्वतः घरी आणून दिला. लग्नसराई होती, त्यांच्या डोळ्यांत झोप होती. मी घालून बघितला. डावी बाही दंडाला गच्च बसली. मला फार आनंद झाला.

लग्नादिवशी दुपारी स्पीकरवर पुकारा झाला. "नवरीच्या मामांनी नवरीला घेऊन यावे, मुहूर्ताची वेळ झालेली आहे." मी खोलीत गेलो. भाची शालूत, मुंडावळ्या बांधलेली, एकदम वेगळी दिसत होती. पण कानाशी तोंड आणून हळूच म्हणाली, "एकसष्ट नाही झालं. बासष्ट."

"पाक गृहीत धरला होता मी," म्हणालो.

गुडघ्यांत वाकलो. उजवा पाठीखाली, डावा गुडघ्यांखाली. मांड्यांनी उठलो, कोपर आत, ओझं छातीला. आली. दारातून बाहेर पडलो तर दोन्ही बाजूंना माणसंच माणसं, आणि सगळ्यांचे मोबाईल वर. गेल्या वेळचा व्हिडिओ बघितलेला नव्हता असं त्यात कुणी नव्हतं. केडगावचा भाऊ माझ्या डाव्या बाजूला दोन्ही हात पसरून चालत होता, विहिरीवर वाकलेल्या माणसाच्या मागे कुणीतरी उभं राहतं तसा.

"दादा, जड झाली की सांग."

दहा पावलं गेली. पाय वर. पंधरा. भाची ओठ न हलवता मोजत होती, सोळा, सतरा, अठरा, परेडच्या ठेक्यात, आणि मी त्या ठेक्यावर पाय टाकत होतो. वीस पावलांवर फोटोवाला आडवा आला. "मामा, थांबा तिथंच. स्टॉप. ड्रोन वर जातोय. इकडं बघा. हसा."

पोतं घेऊन मी कधी थांबलो नव्हतो. थांबण्याचा सराव त्या तीन व्यायामांत नव्हता. ड्रोन वर गेला, खाली आला, फोटोवाल्याचं समाधान होईना. डाव्या दंडात ती ओळखीची आग पेटली. मग हात सूत सूत खाली यायला लागला. भाचीला ते कळलं, तिने माझ्या मानेमागचा हात घट्ट केला. डावीकडच्या बायांच्या माना एकदम खाली गेल्या, पायांकडे. माझ्या बहिणीने डोळे मिटून घेतले. भावाचे हात पुढे आले.

"हात लावू नको," मी म्हणालो.

श्वास घेतला, कोपर आणखी आत ओढलं, डावा दंड होता नव्हता तेवढा सगळा आवळला आणि पाय दोन बोटं वर नेले. आणि त्याच क्षणी माझ्या डाव्या बाहीतून टर्रर्र असा लांबलचक आवाज आला. बाही दंडावरून काखेपर्यंत उसवली. मागून कुणीतरी ओरडलं, "दंडानं बाही फाडली रं मामानं," आणि शिट्ट्या सुरू झाल्या. भाची हसायला लागली. हसणारी माणसं जास्त जड असतात, हे मी अनुभवाने सांगतो. पण आता मला कुणी थांबवू शकत नव्हतं. पुढची पावलं मी कशी गेलो आठवत नाही, मोजायला कुणी नव्हतं, मोजणारी हसत होती. बँड डावीकडेच राहिला. स्टेज समोर आलं. तिला पाटावर उभं केलं आणि तिचे पाय तिथेच पहिल्यांदा टेकले.

बहीण आली, पोरीचे पाय बघितले, मग माझी बाही बघितली, आणि तोंड फिरवून डोळे पुसले. मग म्हणाली, "आता या दिवाळीला हा व्हिडिओ लावू."

पुढचे दोन तास मी उसवलेली बाही घेऊन मांडवभर फिरलो. बायको पिन लावायला आली, मी लावू दिली नाही. भावाने माझा दंड दाबून बघितला आणि विचारलं, "दादा, प्रोटीन कुठलं घेतोस?" मी म्हणालो, पाक. त्याला वाटलं मी सांगत नाहीये.

पंगतीत मास्तर माझ्या शेजारी बसले. जेवता जेवता त्यांनी खिशातून टेप काढला, शिंप्याच्या खिशात तो लग्नातही असतो. ताटावरूनच एकदा उजवा, एकदा डावा.

"उजवा पावनेचौदाच. डावा तेरावर तीन सूत," हळू आवाजात म्हणाले. "अजून तीन सूत कमी हाय, शेठ."

"मग बाही फाटली कशी?"

मास्तरांनी जिलेबी मोडली. "तुमीच म्हनला हुता, मी सांगितल्याशिवाय पक्की मारू नका. तुमी सांगितलंच न्हाई. मी वाट बघत ऱ्हायलो." त्यांनी आजूबाजूला बघितलं. "कच्चा टाका हुता. लहान पोरानं ओढला असता तरी गेला असता."

आम्ही दोघांनी एकमेकांकडे बघितलं. समोर वाढप्या मठ्ठा घेऊन उभा होता, तो म्हणत होता, आधी मामांना, मामांनी आज बाही फाडली. मी ग्लास पुढे केला. डाव्या हाताने.

सफारी अजून कपाटात तसाच आहे. मास्तर दर महिन्याला विचारतात, आता मारू का पक्की? मी म्हणतो, थांबा, अजून तीन सूत बाकी आहेत.